पैनगंगेच्या अलीकडे आलेली बातमी

करोडगिरी नाक्यावरचा शिपाई तुमची पिशवी रिकामी करतो. भाकरीचं फडकं सोडतो, कांदे बाजूला सारतो, ज्वारीच्या पिठात मनगटापर्यंत हात घालून बघतो. त्याला चोरटं सोनं नको आहे. त्याला कागद हवा आहे: पुण्याला छापलेलं एखादं वर्तमानपत्र, नाहीतर पलीकडच्या उमरखेडच्या कॅम्पातून निघालेलं पत्रक. सापडलं तर तुमची रवानगी थेट कोठडीत.

तुम्ही आत्ताच पैनगंगा ओलांडलीत. पलीकडचा काठ वऱ्हाडाचा. तिथे पाच महिन्यांपूर्वी तिरंगा चढला. अलीकडचा काठ निजामाचा. इथलं साल १३५७ फसली, इथला रुपया हाली सिक्का, कचेरीची नि कोर्टाची भाषा उर्दू. जानेवारीत नदीला पाणी ते केवढं, धोतर गुडघ्यावर घेतलं की माणूस पार होतो. पण त्या गुडघाभर पाण्यात दोन राज्यांची सरहद्द आहे, आणि सध्या तिच्यावरून सगळ्यात अवघडपणे जाते ती बातमी.

पलीकडच्या पंचांगाप्रमाणे आज ३० जानेवारी १९४८. हिंगोली अजून जिल्हा झालेली नाही, परभणी जिल्ह्यातला तालुका आहे. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागेल. गाव मात्र फौजेला जुनंच ओळखीचं. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी इथे १९०३ पर्यंत होती. १९१२ मध्ये पूर्णेहून आलेला रेल्वेचा फाटा इथेच संपतो. त्यामुळे कापूस इथून बाहेर जातो आणि बाहेरचं बोलणं इथे उतरतं.

दोन महिन्यांपूर्वी, २९ नोव्हेंबर १९४७ ला, दिल्ली आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, एका वर्षासाठी. कागदावर शांतता आहे. पण हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना चार दिवसांपूर्वी पुन्हा अटक झाली आहे, आणि सरहद्दीच्या पलीकडे वाशीम, पुसद, उमरखेड भागात स्टेट काँग्रेसच्या तरुणांचे कॅम्प आहेत. उमरखेडच्या कॅम्पाशी जोडलेल्या माणसांनी आजच नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली. रझाकारांशी, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांशी, लढायला पैसा हवा म्हणून.

दिवस मावळतो. तुम्ही कळमनुरीच्या वाटेवर एका खेड्यात मुक्कामाला थांबता. उमरीची बातमी अजून इथे पोचलेली नाही. त्याआधी दुसरी येते.

“गांधीबाबाला मारलं म्हनं. दिल्लीत. गोळ्या घातल्या.”

पारावर कुणी बोलत नाही. मग अंधारातून एकाच्या तोंडी तो प्रश्न येतो, जो त्या संध्याकाळी सगळ्या देशाच्या तोंडी आहे: “कोन मारलं?”

हा प्रश्न तुम्ही नीट ऐका. या खेड्यात हिंदूंची घरं आहेत, मुसलमानांची आहेत. सरहद्दीवर दोन्ही बाजूंना बंदुका आहेत, वर्षभर एकमेकांच्या नावाने ऐकलेल्या गोष्टी आहेत. उत्तर एका शब्दाने चुकलं तर रात्रीतून काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या संध्याकाळी आकाशवाणीने बातमी देताना मारेकरी हिंदू आहे, हेही स्पष्ट सांगितलं. ते जाणूनबुजून आणि ताबडतोब सांगितलं गेलं. त्या एका वाक्याने किती गावं वाचली त्याची गणती कुणी केली नाही, करताही येणार नाही. खऱ्या बातमीनेही घरं जळतात, हेही विसरू नका. पश्चिम महाराष्ट्रात त्याच आठवड्यात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. तरी मी म्हणेन की फाळणी होऊन सहा महिने झालेल्या देशात सरकारने वेळेवर खरं बोलणं ही त्या दिवशीची सगळ्यात मोठी संरक्षणव्यवस्था होती.

*

आता एप्रिल. ऊन रणरणतंय. तुम्ही हिंगोलीच्या पेठेत एका आडत्याच्या माडीवर बसला आहात.

कोपऱ्यात रेडिओ आहे. लाकडी पेटी, समोर ताणून बसवलेलं जाळीदार कापड, आत पिवळसर दिव्याच्या उजेडात सरकणारा काटा. गावात वीज नाही, संच बॅटरीवर चालतो. बॅटरी विटेएवढी जड, आणि नाक्यांवर अडवाअडवी असल्यामुळे नवी मिळेल की नाही याची खात्री नाही. म्हणून आडते तो फक्त बातम्यांच्या वेळेला लावतात. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नाही. आधी वाल्व्ह तापतात, मग खरखर सुरू होते, मग त्या खरखरीतून माणूस बोलू लागतो. खिडकीची दारं लोटलेली आहेत आणि आवाज इतका बारीक की पाचही जणांनी पेटीला कान लावले आहेत.

आधी हैदराबाद लागतं, निजामाचा दख्खन रेडिओ. मग काटा सरकतो आणि दिल्ली. एकाच दिवसाच्या बातम्या, पण दोन वेगळ्या देशांच्या वाटाव्यात अशा.

सध्या वाद आहे एका भाषणाचा. कासीम रझवी हा लातूरचा वकील, इत्तेहादुल मुसलमीनचा पुढारी, रझाकारांचा सेनानी. तो म्हणाला असं छापून आलं आहे की आसफजाही झेंडा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर लागेल आणि बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील. भारतातल्या वर्तमानपत्रांनी ते मोठ्या टाइपात घेतलं. हैदराबाद सरकार म्हणतं, असं भाषण झालंच नाही. दिल्लीचे एजंट जनरल कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत बसले आहेत आणि रोज दिल्लीला कळवत आहेत. पंतप्रधान लायक अली रोज इन्कार करत आहेत.

“दोन्हीकडून ऐकावं,” आडते म्हणतात, “मंग मधात कुठंतरी खरं सापडतं.”

माणूस शहाणा आहे, पण या बाबतीत त्याचं ऐकू नका. खरं नेहमी मधोमध सापडत नाही. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, खंडण्या घेतल्या, हे खरं आहे. वसमतच्या महाविद्यालयाला ज्या हुतात्मा बहिर्जींचं नाव आहे, ते याच लढ्यात गेले. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं असा हिशेब केला तर मेलेल्या माणसावर अन्याय होतो.

एका आकड्याकडे मात्र संशयाने बघा. रझाकार किती? दोन लाखांपर्यंतचे आकडे सांगितले जातात. रझवीला तो आकडा फुगवून हवा आहे, कारण भीती हेच त्याचं मुख्य हत्यार. दिल्लीतही तो फुगलेला चालतो, कारण जितका धोका मोठा तितकी कारवाई समर्थनीय. एरवी कशावरच एकमत नसलेल्या दोन शत्रूंचं एका आकड्यावर एकमत झालं की तो आकडा पुन्हा मोजून घ्यावा. पाच महिन्यांनी ही ताकद प्रत्यक्षात किती होती ते दिसेल.

पुढचे महिने हे कागदांचं युद्ध आहे. हैदराबाद म्हणतं, भारताने आमची नाकेबंदी केली, पेट्रोल अडवलं, औषधं अडवली, पाणी शुद्ध करायला क्लोरीनसुद्धा येऊ देत नाहीत. दिल्ली म्हणते, अशी नाकेबंदी आम्ही जाहीर केलेलीच नाही. ऑगस्टमध्ये भारत सरकार हैदराबादवर श्वेतपत्रिका काढतं. २१ ऑगस्टला हैदराबाद थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार पाठवतं. आपली बाजू जगापुढे आधी कोण मांडतो याची ही शर्यत आहे, आणि तिच्यात हिंगोलीच्या पेठेतल्या माणसाला कुणी विचारत नाही.

त्याला माहिती मिळते ती चोरवाटेने. सभा घ्यायची तर ‘गश्ती नंबर ५३’ आडवा येतो, परवानगीशिवाय चार माणसं जमवता येत नाहीत. आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ मध्ये पुण्याहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केलं, निजामाने त्याला बंदी घातली. ते दुसऱ्या नावाने निघालं, त्यावरही बंदी आली, मग तिसरं नाव. आज एक संकेतस्थळ बंद पाडलं की दुसऱ्या पत्त्यावर तेच उघडतं, त्याची ही शाई नि कागदाची आवृत्ती. नाक्यावर पीठ का चाळलं जात होतं ते आता तुम्हाला कळलं असेल.

आणि हैदराबाद शहरात, २१ ऑगस्टच्या रात्री, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान घरी परतत असताना त्यांच्यावर हल्ला झाला, आणि त्यात त्यांचा प्राण गेला. त्यांनी रझाकारांवर टीका केली होती आणि संस्थानाने भारतात सामील व्हावं असं लिहिलं होतं. ज्या दिवशी हैदराबादने जगाकडे न्याय मागितला, त्याच रात्री त्याच शहरात खरं लिहिणारा एक मुसलमान संपादक रस्त्यात पाडला गेला. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे नाव फार कमी येतं. यायला हवं.

*

रात्री आकाशात विमानाचा आवाज आला की लोक अंगणात येतात.

“पाकिस्तानचं इमान हाय.” “आपलं हाय.” “हत्यारं टाकायलेत म्हनं.” प्रत्येकाची खात्री वेगळी.

ही अफवा पूर्ण खोटी नाही, आणि म्हणूनच ती इतकी चिवट आहे. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक खरोखरच कराचीहून लँकेस्ट्रियन विमानं भरून शस्त्रं आणतो आहे आणि बीदर नि वरंगलच्या धावपट्ट्यांवर उतरवतो आहे. त्या खऱ्या उड्डाणांवर मग लोकांनी इमले चढवले: पाकिस्तानची फौज उतरणार, मुंबईवर बाँब पडणार, तुर्कस्तान येणार. अफवेचं हे काम तुम्ही जवळून बघून ठेवा. तिच्या पोटात एक खरा दाणा असतो. तो दाखवून ती बाकीचं सगळं पदरात घालते.

भाद्रपद लागतो. काळ्या रानात मूग काढणीला आलाय, चिखल गुडघाभर, घराघरांत गणपती बसलेत. ११ सप्टेंबरला कराचीत जीना वारले. १३ सप्टेंबर, सोमवार, पहाटे भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं. लष्कराच्या कागदावर या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन पोलो’, लोकांना सांगितलं ते ‘पोलीस कारवाई’. दुसऱ्या दिवशी औरंगाबाद पडलं, त्यानंतर जालना.

तुम्ही पुन्हा त्या माडीवर आहात. आता रोज संध्याकाळी पाचाऐवजी पंधरा जण बसतात. बॅटरी उतरत चालली आहे, आवाज मधेच बुडतो. जे ऐकू येत नाही ते प्रत्येक जण आपापल्या मनाने भरून घेतो. जिन्यावरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेपर्यंत बातमी तीन वेळा बदललेली असते. खोटं बोलणारा यात एकही नाही. सगळे घाबरलेले आहेत, आणि घाबरलेल्या माणसाला अर्धवट वाक्य सहन होत नाही, एवढंच.

१६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद हैदराबादची तक्रार विचाराला घेते. १७ तारखेला, शुक्रवारी, भारतीय फौजेची एक तुकडी हिंगोली ताब्यात घेते.

रस्त्याच्या कडेला उभे राहा. चिखलाने माखलेल्या गाड्या येतात, त्यांच्यावर बसलेली पोरं थकलेली आणि धुळकट, त्यांची भाषा इथे कुणाला कळत नाही. कुणीतरी दबकत हात वर करतं, मग दहा हात वर होतात, मग घोषणा. ज्या रझाकारांच्या नावाने रात्री दिवे विझत, ते खाकी कपडे टाकून गर्दीत मिसळले आहेत किंवा पसार झाले आहेत. दोन लाखांचा आकडा पाच दिवसांत विरघळला.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि मग तो स्वतः हैदराबादच्या रेडिओ केंद्रावर जाऊन बोलला. ज्या यंत्राने वर्षभर त्याच्या बाजूने किल्ला लढवला, त्याच यंत्रावरून त्याला शरणागती सांगावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरींपुढे शस्त्रं ठेवली. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आपण पाळतो, तो योग्यच आहे.

पण तुम्ही इथून लगेच परत फिरू नका. आपली पाठ्यपुस्तकं इथे मिटतात आणि माझ्या मते खरी परीक्षा इथे सुरू होते.

*

युद्ध संपून आठ-दहा दिवस झालेत. हे गाव कुठलंही समजा. वेशीपलीकडे विणकरांची चार घरं आहेत, दोन कोष्ट्यांची, दोन मोमिनांची. माग एकमेकांच्या भिंतीला लागून.

संध्याकाळी एक जण धावत येतो. “रझाकार जमा व्हायलेत. पलीकडच्या गावात. आज रातच्याला येनार.”

“कोन सांगितलं?”

“समदे सांगायलेत.”

तुम्हाला माहीत आहे, कुणीही जमलेलं नाही. रझवी पकडला गेला आहे, संघटना मोडली आहे. पण तुमच्याजवळ हे पटवून द्यायला काहीच नाही. हैदराबादचा रेडिओ आता नव्या सरकारच्या हातात, त्यावर कुणाचा विश्वास नाही. वर्तमानपत्र चार दिवसांनी येईल. आणि समोरच्या माणसाच्या घरातलं कुणीतरी रझाकारांनी खरोखर मारलेलं आहे. त्याच्या संतापात खोटं काही नाही. खोटी आहे ती फक्त बातमी, आणि ती त्या संतापाला मोमिनांच्या दोन घरांची वाट दाखवते आहे.

कोष्ट्याचा म्हातारा उठतो आणि शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसतो. बोलत काही नाही, नुसता उंबऱ्यावर बसतो. जमाव येतो, थबकतो.

“बाजूला व्हा, आजा.”

“चाचाचा नि माझा माग एकाच भिंतीला हाय. त्यो रझाकार असता तं मला आधी कळलं असतं.”

हा प्रसंग मी तुमच्यासाठी उभा केला, पण तो हवेतून आणलेला नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती १९४८ च्या अखेरीस भारत सरकारच्या सांगण्यावरून संस्थानात फिरली. तिने लिहून ठेवलं आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवलं आणि त्यासाठी स्वतःचा जीवही गमावला. त्याच अहवालात दुसरी गोष्टही आहे. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्या माणसांचा समितीचा सावध अंदाज २७ हजार ते ४० हजार होता. बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर आपल्या शेजारचं नांदेड होतं.

रझाकारांनी केलेले अत्याचार याने पुसले जात नाहीत. ते अहवालातही नोंदलेले आहेत. पण सूड ज्यांच्यावर उगवला गेला त्यातल्या बहुतेकांनी बंदूक कधी हातातही धरलेली नव्हती.

आणि तो अहवाल? तो छापला गेला नाही. दिल्लीतल्या नेहरू स्मारक संग्रहालयात सर्वसामान्य वाचकाला तो बघायला मिळाला २०१३ च्या सुमारास, म्हणजे साठाहून जास्त वर्षांनी. तेव्हाच्या सरकारला भीती होती की प्रसिद्ध केला तर पुन्हा आग लागेल. ती भीती मला समजते. तरी तो निर्णय मला चुकीचा वाटतो. नोंद दडवली की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे घराघरांतल्या ऐकीव गोष्टी येऊन बसतात, एकाच्या घरात एक, दुसऱ्याच्या घरात दुसरी, आणि दोन पिढ्यांनी एकाच गावातल्या दोन आळ्यांचा इतिहास वेगळा होतो. मराठवाड्यात तो तसा झाला आहे. निवडणुका आल्या की तो दिसतो.

*

आता मोठी उडी घ्या. ८ मे २०२५, रात्र. तुम्ही त्याच हिंगोलीत आहात.

जिल्हा आता कुणाच्या नकाशाबाहेर नाही. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ इथे आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा व्हायची आहे, २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वसमतची हळद मोबाइलवर भाव बघून विकली जाते.

२२ एप्रिलला काश्मीरमधल्या पहलगाममध्ये दहशतवादी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली, त्यात सहा महाराष्ट्राची. ७ मेच्या पहाटे भारताने पाकिस्तानातल्या दहशतवादी तळांवर हल्ले केले, ते ऑपरेशन सिंदूर. आज रात्री घरातला टीव्ही मोठ्या आवाजात चालू आहे, निवेदक ओरडतो आहे, पडद्यावर सायरन वाजतो आहे. कराची बंदर उद्ध्वस्त झालं, असं एकापाठोपाठ एक वाहिन्या सांगत आहेत. उद्या कराची पोर्ट ट्रस्टच्या एक्स खात्यावरही तसंच लिहून येईल आणि काही वेळाने ते म्हणतील की आमचं खातं हॅक झालं होतं. बंदर जागेवर आहे.

तुमच्या फोनवर मेसेज धडकत आहेत. देशातली एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार. पाकिस्तानच्या सायबर हल्ल्याने भारताची ७० टक्के वीज गेली. गुजरातच्या हजिरा बंदरावर हल्ला, हा बघा व्हिडिओ. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने हे सगळं खोटं ठरवलं. हजिऱ्याचा म्हणून फिरणारा व्हिडिओ २०२१ मधल्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा होता. काही ठिकाणी तर ‘आर्मा ३’ या संगणकीय खेळातली दृश्यं खरी लढाई म्हणून दाखवली गेली. खोटं सीमेच्या दोन्ही बाजूंनी आलं. शत्रूने पाठवलेलं ओळखणं तसं सोपं. आपल्या अभिमानाला गोड लागेल असं आपल्याच स्टुडिओत शिजलेलं ओळखणं फार अवघड जातं, आणि १९४८ च्या माडीवरच्या माणसांपेक्षा आपण इथे जास्त कच्चे ठरलो. त्यांचा रेडिओ बुडत होता, म्हणून ते कल्पना करत होते. आपल्याला सगळं लख्ख दिसत होतं, तरी आपण पुढे पाठवत राहिलो.

याच दिवसांत दुसरी लढाई चालू होती, जी दिसतच नव्हती. महाराष्ट्र सायबर विभागाने ‘रोड ऑफ सिंदूर’ नावाचा अहवाल तयार केला. त्यात सात हॅकर गट हुडकले गेले आणि पंधरा लाखांच्या आसपास सायबर हल्ले मोजले गेले. यशस्वी झाले फक्त दीडशे. हल्ले पाकिस्तानातून आले, तसे बांगलादेश, इंडोनेशिया, मोरोक्को आणि पश्चिम आशियातूनही. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या संकेतस्थळाचं पान बिघडवलं गेलं. मुंबईच्या विमानतळाची माहिती चोरली, निवडणूक आयोगाचं संकेतस्थळ फोडलं, असे दावे हॅकरांनी केले, ते अधिकाऱ्यांनी फेटाळले.

यातलं शेवटचं नीट लक्षात घ्या. नगरपरिषदेचं पान बिघडवून शत्रूच्या हाती लष्करी असं काही लागत नाही. पण त्याचा फोटो काढून ‘महाराष्ट्र ठप्प’ असं लिहिलं की काम होतं. न केलेल्या चोरीचा दावाही तेवढंच काम करतो. हल्ला संगणकावर असतो आणि निशाणा तुमच्या मनावर. रझवीच्या दोन लाखांच्या आकड्यासारखाच हा खेळ आहे. ताकद असण्यापेक्षा ती आहे असं तुम्हाला वाटणं महत्त्वाचं.

एक फरक मात्र आहे आणि तो तुमच्या दुकानापर्यंत येतो. एखादं संकेतस्थळ खोट्या मागण्यांनी गुदमरवून पाडायचं तर हजारो यंत्रं लागतात. ती यंत्रं हॅकर विकत घेत नाही. तो ती लोकांची वापरतो: ज्याचा पासवर्ड बसवल्या दिवसापासून बदललाच नाही असा सीसीटीव्ही कॅमेरा, कधीच अद्ययावत न केलेला वायफायचा राउटर, ‘लग्नपत्रिका’ म्हणून आलेली एपीके फाइल उघडलेला फोन. १९४८ मध्ये सीमेपलीकडच्या माणसाला तुमच्या घरातून बंदूक चालवता येत नव्हती. आता येते, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

१० मेच्या संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबला. १७ सप्टेंबर १९४८ लाही संध्याकाळचे पाचच वाजले होते. आणि त्या वेळेप्रमाणेच याही वेळी खोटं पाचला थांबलं नाही. शस्त्रसंधीनंतरही सायबर हल्ले पूर्ण बंद झाले नाहीत, असं महाराष्ट्र सायबरनेच सांगितलं. जुने व्हिडिओ नव्या तारखेने फिरत राहिले. गावातल्या मुसलमान दुकानदाराकडे, शेजाऱ्याकडे, वर्गातल्या पोराकडे संशयाने बघायला लावणारे मेसेज फिरत राहिले. सीमेवरचं युद्ध चार दिवसांत मिटतं. गल्लीतलं मिटायला किती लागतं ते तुम्ही विणकरांच्या उंबऱ्यावर पाहून आलात.

तेव्हा दोन मागण्या आहेत. पहिली सरकारकडे: सुंदरलाल समितीचा अहवाल मराठीत, पूर्ण, रझाकारांच्या अत्याचारांच्या नोंदींसह छापावा आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावा. दुसरी तुमच्याकडे. पुढच्या वेळी तणाव वाढेल तेव्हा कॅमेऱ्याचा पासवर्ड आधीच बदललेला असू द्या. अनोळखी फाइल उघडू नका, पैशांची फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. आणि शेजाऱ्याबद्दल मेसेज आला तर तो पुढे पाठवण्याआधी शेजाऱ्याच्या घरी जाऊन या.